सल्लागाराची खुर्ची

आमच्या धंद्यात 'न्हाई' हा पहिला भाव असतो. शेतकरी "न्हाई द्यायची बाग" म्हणाला की समजायचं, सौदा सुरू झाला. "बिलकुल न्हाई" म्हणाला की चहा सांगायचा. आणि उठून चालायला लागला तर त्याच्या मागं जायचं नाही, चप्पल घालायला तो किती वेळ लावतो ते बघायचं. अंबड, शहागड, राजूर या पट्ट्यात चाळीस वर्षं मी मोसंबीच्या बागांचे सौदे जुळवले ते या एका नियमावर. तो एकदाच खोटा ठरला, आणि नेमकं तिथंच माझं नुकसान झालं. पैशाचं नाही. पैशाचं नुकसान मी विसरतो.

ज्यांची आणि मोसंबीची भेट फक्त ग्लासात होते, त्यांच्यासाठी धंदा थोडक्यात सांगतो. फळ झाडावर हिरवं असतानाच बाहेरचा व्यापारी बाग बघायला येतो. त्याला इथला शेतकरी माहीत नसतो, शेतकऱ्याला त्याची दानत माहीत नसते. दोघांच्या मधे मी. ओळींमधून चालत जायचं, खाली किती फळ गळालं ते बघायचं, एखादं आतल्या फांदीचं फळ हातात तोलायचं आणि अख्ख्या बागेचा आकडा मनात धरायचा. मग टॉवेल काढायचा. टॉवेलाखाली हातात हात घालून बोटं दाबायची आणि भाव सांगायचा, म्हणजे भोवती चार माणसं उभी असली तरी कोणाला कळत नाही. बाजार समितीत आता हे चालत नाही, तिथं जाहीर लिलाव असतो, आणि ते बराबरच आहे. बागेत मात्र अजून टॉवेल निघतो.

गिऱ्हाईकं एकेक नमुने. शहागडच्या एकानं मला सहा वेळा परत पाठवलं. सातव्या वेळी कळलं की त्याला भावाशी काही देणंघेणंच नव्हतं. शेजारच्या सख्ख्या भावाला जे मिळालं त्याच्यापेक्षा एक रुपया जास्त पाहिजे होता. तो एक रुपया मी माझ्या खिशातून दिला. याच्या उलट अंबडचे आमचे इतिहासाचे सर. कॉलेजातून निवृत्त झाले, वडिलोपार्जित बाग आहे. व्यापारी पहिला भाव बोलला की सर लगेच "चालेल" म्हणतात. त्यांच्या बागेत मला दोन्ही बाजूंनी एकट्यालाच भांडावं लागतं. एकदा मी त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही विहिरीवर जाऊन बसा. मी हाक मारल्याबिगर येऊ नका." गेले आणि पुस्तक वाचत बसले. असं गिऱ्हाईक देवानं शत्रूलाही देऊ नये.

माझा राग तालुक्यात प्रसिद्ध आहे. वजनावरून वाद झाला तेव्हा मी शहागडला हायवेवर भरलेलं क्रेट पालथं केल्तं, आणि ट्रकवाले उतरून मोसंब्या गोळा करत होते. मी क्रेट उचलणारा हमाल म्हणून सुरुवात केली. माझ्या नावावर आजही मोसंबीचं एक झाड नाही. दुसऱ्याच्या झाडावर जगलेल्या माणसाला राग परवडत नाही म्हणतात. मला परवडला.

आता मूळ गोष्ट. आमच्या भागात मोसंबीवाल्यांची एक सहकारी संस्था आहे. तिचे अध्यक्ष अण्णा, भला माणूस, अचानक गेले. त्यांच्या जागी संचालक म्हणून त्यांचा मुलगा निशांत आला. वय चोवीस, शेतकीची पदवी, आवाज बारीक. अध्यक्ष कोणी व्हायचं यावर तेरा संचालकांत जुंपली. गंगाधर नावाचे जुने संचालक, भारदस्त माणूस, मिशा त्यांच्या आधी खोलीत येतात. त्यांना वाटलं आपणच. पण त्यांच्या बरोबरीच्या दोघांना ते बघवेना. अशा वेळी लोकांना माझी आठवण येते.

मी प्रत्येकाला वेगवेगळं गाठलं. सगळ्यांना एकच सांगितलं, "तुम्हाला न्हाई तर त्यालाबी न्हाई. पोराला बसवा. दिवाळीचा फराळ संपेपर्यंत त्याचा दम निघतो. मंग बघू." सगळ्यांना ते पटलं, कारण प्रत्येकाला वाटलं की 'मंग' म्हणजे आपणच.

पटलं नाही ते फक्त पोराला.

"काका, न्हाई," निशांत म्हणाला. "सगळी माझ्या वडलांच्या वयाची माणसं. माझं ऐकणार कोण?"

"मी ऐकायला लावतो."

"मंग तुम्हीच व्हा अध्यक्ष."

"माझ्याकडं झाड न्हाई. झाडाबिगर सभासद होता येत न्हाई."

दुसऱ्यांदा गेलो, तरी नाही. गंगाधरांनी मधल्या काळात त्याला उपाध्यक्षपद देऊ केलं, तर म्हणाला, "लहान खुर्ची नको. बसायचंच झालं तर निर्णय घेता येईल तिथं बसू." हे ऐकलं आणि मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या, भाव वाढवून राह्यलास! तिसऱ्या वेळी मी चार-सहा संचालकांनाच बरोबर नेलं, तेव्हा हो म्हणाला. मला वाटलं माझा नियम बराबर निघाला. या पोराला सौदा कळतो, म्हणजे माझा हिशेबही कळेल.

माझा हिशेब काय होता तेही सांगतो, लपवायचं वय राहिलं नाही. संस्थेत मानद सल्लागार नावाचं एक पद होतं. काम काही नाही. एक खोली, कूलर, दारावर नावाची पाटी आणि मरेपर्यंत दरमहा मानधन. झाडाची अटही नव्हती. ज्या म्हाताऱ्याकडं ते होतं तो रोज येऊन पेपर वाचायचा, शब्दकोडं सोडवायचा आणि घरी जायचा. निशांत अध्यक्ष झाल्यावर दोनच महिन्यांत तो वारला. मानधनाची मला पडली नव्हती. मला ती पाटी पाहिजे होती.

त्याचं असं झालं, की मुलीचं लग्न ठरलं होतं. शहरातलं घर, इंजिनिअर, बँकेतले अधिकारी. साखरपुड्यात व्याह्यांनी मोठ्या अदबीनं विचारलं, "आपण काय करता?"

"सौदे जुळवतो. बागांचे."

"म्हणजे एजंट?"

त्या 'म्हणजे'वर मी आठ दिवस नीट जेवलो नाही. पत्रिका छापायची वेळ आली. त्यांच्याकडच्या प्रत्येक नावामागं कंसात काहीतरी होतं. आमची मंडळी, म्हणजे बायको, म्हणाली, "तुमच्या मागं 'व्यापारी' छापा न्."

"व्यापाऱ्याकडं माल असतो. माझ्याकडं काय हाय?"

"तोंड हाय की," ती म्हणाली. "पण ते कंसात बसायचं न्हाई."

मी निशांतकडं गेलो. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी मागायला. सरळ मागता आलं नाही, आडून बोललो. "ती खोली रिकामी हाय म्हणं."

"हो काका. त्याचंच बघून राह्यलो."

"बघ. जल्दी न्हाई." आणि मी उठलो. चप्पल घालायला मीच किती वेळ लावला, ते आत्ता लिहिताना लक्षात येतंय.

पुढच्या बैठकीत त्यानं ती खोली आबांना दिली.

आबा म्हणजे बाजारातले जुने तोलार, मापाडी. हाडाचे गंगाधरांच्या गटाचे. अण्णांच्या विरोधात त्यांनी तीन निवडणुका गाजवलेल्या. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून संस्था त्यांना दरमहा मदत देत होती. निशांतनं हिशेब मांडला: मदत मानधनापेक्षा थोडी जास्त आहे, आबांनी मदत सोडावी, खुर्ची घ्यावी, म्हणजे एक खर्चा कायमचा गेला. बसल्या जागी आबांनी काट्याशेजारी बसून शेतकऱ्यांच्या तक्रारी ऐकाव्यात. स्वतःच्या माणसाला नाही, स्वतःच्या चुलत्याला नाही, ज्यानं त्याला खुर्चीवर बसवलं त्याला नाही. दिली ती विरोधकाला, तेही आंधळ्याला!

पत्रिकेवर माझं नाव नुसतंच छापलं. मागं कंस नाही.

मी पेटलो. अंबडच्या बस स्टँडवर, कोर्टासमोरच्या चहाच्या टपरीवर, राजूरला गणपतीच्या रांगेत, जिथं दोन माणसं दिसतील तिथं मी सांगत सुटलो. "बघा या पोराचं! मुफ्तची खुर्ची हातात आल्ती. स्वतः घेतली न्हाई, घरच्याला दिली न्हाई, माझ्यासारख्याला दिली न्हाई. दिली ती दुश्मनाला!" लोक मान हलवायचे. मला वाटायचं, माझ्याबद्दल हळहळून राह्यले.

आणि मी गंगाधरांच्या गोटात गेलो. त्यांना म्हटलं, "बसवला मी, उठवतो मी." तेरापैकी नऊ जण गोळा करून दिले. महिन्याच्या बैठकीत निशांतनं ठराव मांडला, पडला. दुसरा मांडला, तोही पडला. अब्रूदार माणूस अशा वेळी राजीनामा देतो. हा आपला इतिवृत्तावर 'ठराव नामंजूर' लिहून खाली सही करायचा आणि विचारायचा, "पुढचा विषय?"

त्याच दिवसांत सरांची बाग बघायला गेलो होतो. व्यापारी यायला उशीर होता. मी सगळी कैफियत ओतली. सर ऐकत ऐकत हसायला लागले. माझं डोकं फिरलं.

"हसायला काय झालं, सर?"

"अहो, हे सगळं एकदा होऊन गेलेलं आहे. विलायतेत. जवळजवळ अडीचशे वर्षांपूर्वी."

मग त्यांनी सांगितलं. तिथं एक माणूस चोविसाव्या वर्षी पंतप्रधान झाला. बापही पंतप्रधान होता आणि दोघांचं नाव एकच, म्हणून पोराला इतिहासात 'धाकटा' म्हणतात. इंग्रजी नाव माझ्या जिभेवर बसत नाही, मीही धाकटाच म्हणेन. त्याला आधी लहानसं पद देऊ केलं, तर नको म्हणाला. पुढं खुद्द राजानं मोठं पद देऊ केलं, तेही नाकारलं, कारण सभागृहात माणसं नव्हती. मग पुन्हा विचारलं तेव्हा घेतलं. लोक म्हणाले, नाताळचा फराळ संपला की हाही संपेल. सभागृहात ठरावामागून ठराव त्याच्या विरोधात गेले. हा हलला नाही.

"आणि त्याच धामधुमीत एक पद रिकामं झालं," सर म्हणाले. "काम शून्य, पगार जन्मभर. धाकट्याकडं स्वतःची फारशी मिळकत नव्हती. सगळ्यांना वाटलं, हा ते स्वतः घेणार."

"दिलं कोणाला?"

"एका म्हाताऱ्या कर्नलला. त्याला सरकारी पेन्शन होतं. ते सोडायला लावलं, पद दिलं, सरकारचे पैसे वाचले." सरांनी खाली गळालेलं एक फळ उचललं. "कर्नल आंधळा होता."

मी झाडाला टेकलो. "सर, खरं सांगा. हे तुम्हीच शिकवलं त्याला?"

"निशांतला? छे हो. तो माझ्या तासाला कधी बसलाच नाही."

मग मी धंद्याचा प्रश्न विचारला. "हा धाकटा सभागृहात पहिल्यांदा आला कसा?"

"आधी एका जागेवर पडला. मग एका जमीनदाराच्या खिशातली, म्हणजे तो म्हणेल तोच निवडून यायचा अशी जागा मिळाली. त्याच्या एका उमराव मित्रानं शब्द टाकला."

"उमरावानं शब्द टाकला असंल. पण मधे फिरला कोण? निरोप नेला कोणी, आणला कोणी?"

"ते पुस्तकात नाही."

"बघा," मी म्हटलं. "हेच म्हणून राह्यलो मी."

शेवटी विचारलं, "पडला का मंग तो?"

"पुढं सतरा वर्षं हलला नाही," सर म्हणाले, आणि तेवढ्यात व्यापारी आला, तो भाव बोलला, आणि सर म्हणाले, "चालेल."

शहाण्या माणसानं तिथंच थांबायला पाहिजे होतं. पण विलायत कुठं आणि अंबड कुठं! शिवाय माझा नियम मला सांगत होता, की पोरगं भाव वाढवून राह्यलंय. ते येईल, माझ्या दारात येईल. आलं नाही. उलट नवाचे आठ झाले, आठाचे सात. गावोगावचे शेतकरी आपापल्या संचालकाला धरायला लागले. एका पारावर म्हातारा शेतकरी आमच्या बाजूच्या संचालकाला सांगत होता, "अरे, मुफ्तची खुर्ची हातात आल्ती त्याच्या. स्वतः घेतली न्हाई, घरच्याला दिली न्हाई. असा माणूस पाडतो व्हय तू?"

शब्द माझे होते. जसेच्या तसे. बस स्टँडवर, टपरीवर, देवाच्या रांगेत मी तक्रार केली न्हवती, त्याचा प्रचार केल्ता. तोही फुकट. चाळीस वर्षांत मी कोणाच्या मालाची इतकी तारीफ केली नसेल.

आता सात विरुद्ध सहा. सातातला एक आबांचा पुतण्या, डळमळीत. तो धरून ठेवायचा तर आबांनी सांगायला पाहिजे. मी त्या खोलीत गेलो. दारावरची पाटी न वाचता आत शिरलो. आबांनी पावलांवरून ओळखलं.

"ये. क्रेट पालथं करणारा ना तू?"

मी शेजारी बसलो, सवयीनं टॉवेल काढला आणि त्यांच्या हातावर टाकला. गंगाधर अध्यक्ष झाले तर पुतण्याला काय मिळेल ते बोटांनी सांगायचं होतं. आबांनी टॉवेल चाचपला, नीट घडी केली आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"हे कशाला रे? मला सगळं जगच टॉवेलाखाली हाय. तोंडानं बोल."

तोंडानं बोलता येईना. दार उघडं होतं, बाहेर काट्यावर शेतकरी उभे होते.

"बोलता येत न्हाई न्?" आबा म्हणाले. "मंग तो सौदा न्हाई. दुसरं कायतरी हाय." मग म्हणाले, "ही खोली तुला पाहिजे होती. कळलं मला नंतर. त्या पोराला ठाव न्हवतं."

"मी त्याला बोललो होतो."

"काय बोलला?"

"खोली रिकामी हाय म्हणं, असं."

आबा इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "आरं, दुसऱ्यासाठी बोलताना तुझा आवाज शहागडपर्यंत जातो. अन् स्वतःसाठी मागायचं तर हे?"

याच्यावर मला राग यायला पाहिजे होता. आला नाही, आणि त्याचीच भीती वाटली.

मी तरीही मागं फिरलो नाही. गंगाधरांना शब्द दिला होता, आणि दलालाकडं शब्दाशिवाय दुसरं काही नसतं. पुतण्याला मी थेट गाठलं, आणि पुढच्या बैठकीत त्याचं मत धरून एका मतानं ठराव पडला. एकानंच. निशांतनं सही केली, कागद सरकवला, आणि त्याच्यासकट सहा जणांनी राजीनामे टेबलावर ठेवले. बैठकीला किमान आठ जण लागतात; गणसंख्या संपली, निवडणूक लागली. महिनाभर मी गंगाधरांच्या जीपमधून फिरलो. प्रत्येक गावात लोकांनी मला मान दिला, चहा दिला, आणि मतं निशांतला दिली. गंगाधरांच्या पॅनेलचे दोनच जण आले. गंगाधर नव्हते त्यात.

त्यानंतर वर्षभर मी संस्थेच्या दारात गेलो नाही. धंदा चालू होता, पण लोक मधेच विचारायचे, "काका, ते अध्यक्षाचं कसं काय झालं हो?" आणि मी उठून जायचो.

मग एका सकाळी निशांत स्वतः घरी आला. अंगणात उभा राहिला, बसला नाही.

"काका, बाहेरदेशी माल पाठवणारी एक मोठी पार्टी आली हाय. अख्ख्या संस्थेचा माल मागून राह्यले. मला भाव बोलता येत न्हाई."

"तुला न्हाई बोलता येत? दोनदा न्हाई म्हणून अध्यक्ष झाला तू."

"काका, तेव्हा मी खरंच न्हाई म्हणत होतो," तो म्हणाला. "माझ्याकडं माणसं न्हवती. तुम्ही आणली, मंग मी आलो. भाव कुठं होता त्यात?"

चाळीस वर्षांचा नियम, अंगणात उभ्या उभ्या मोडला. सदरा बदलून मी त्याच्याबरोबर निघालो.

संस्थेच्या बैठकीच्या खोलीत ती पार्टी बसली होती. तिघं जण, गुळगुळीत बूट. त्यांच्या साहेबांनी सौद्याची फाईल अध्यक्षासमोर ठेवली होती. माझ्याकडं बघून विचारलं, "आणि हे? संचालक आहेत का?"

"न्हाई," निशांत म्हणाला.

"सल्लागार?"

"न्हाई. सल्लागार बाहेर काट्यावर बसलेत." मी उठायच्या बेतात होतो. तेवढ्यात तो पुढं म्हणाला, "मला या खुर्चीत यांनी बसवलं. अन् उठवायलाबी हेच निघाल्ते. एका मतावर आणून ठेवलं होतं मला. या भागात यांच्या हातून एकच सौदा हुकला, साहेब. तो म्हणजे मी."

साहेब हसले नाहीत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट बघितलं. मग अध्यक्षासमोरची फाईल उचलली, टेबलाला वळसा घालून आले आणि ती माझ्यासमोर ठेवली.

मी ती लगेच उघडली नाही.